ग्रॅमला तीन रुपये

गेल्या शनिवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला मी घोडबंदर रोडवरच्या एका टायरच्या दुकानात दोन्ही हात पुढे ताणून उभा होतो. हातांवर वर्तमानपत्राचं एक पान पसरलेलं. पान नेमकं ‘वधू पाहिजे’चं. आणि समोर सहा माणसं ते पान हलतंय की नाही हे टक लावून बघत होती. मी तिथे माझ्या गाडीचं स्टिअरिंग थरथरतं, ही तक्रार घेऊन गेलो होतो.

ही वेळ कशी आली ते भराभर सांगून टाकतो. गाडीचे चारही टायर पाच वर्षांत गुळगुळीत झाले होते. खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की टायर बाद, असा नियम आहे. माझ्या टायरांना कधीकाळी खाचा होत्या हे पटवायला जुने फोटो काढावे लागले असते. म्हणून दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी चार नवे घालून घेतले. दुकानाबाहेर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ‘चार टायरवर बॅलन्सिंग फ्री’, म्हणजे चाकांचा तोल साधून देणं फुकट. बिल हातात आलं तर त्यात एक ओळ: वजन १४५ ग्रॅम, रुपये ४३५.

मी म्हटलं, “बॅलन्सिंग फ्री आहे ना?”

“बॅलन्सिंग फ्रीच आहे साहेब. वजनाचे पैसे.”

“पण वजन न लावता बॅलन्सिंग कसं करणार?”

“नाही होत ना,” शेठ सहानुभूतीने म्हणाला.

ग्रॅमला तीन रुपये. माझ्या माहितीत ग्रॅमवर भाव सांगणारे दोनच, सोनार आणि हा. त्यातला सोनार निदान खुर्ची देतो, थंड पाणी देतो आणि लाल डबीत घालून देतो. इथे एक पोरगा करड्या रंगाच्या चपट्या पट्ट्या हातोडीने रिमच्या कडेला ठोकत होता. शिसं एवढं महागलं का, म्हणून विचारलं, तर म्हणे शिसं नाही, लोखंड आहे. युरोपात नव्या गाड्यांच्या चाकांवरून शिसं २००५ मध्येच हद्दपार झालं, ते प्रकृतीला वाईट म्हणून. आपल्याकडे लोखंड आलं ते चांगलंच झालं, पण भाव शिशाचाच राहिला की काय हे विचारायची हिंमत झाली नाही.

त्याच दिवशी मी त्या पोराला आणखी एक प्रश्न विचारला होता. नव्या टायरच्या अंगावर एक पिवळा आणि एक लाल ठिपका होता. हे कशाचे?

“कंपनीतून पूजा होऊन येतात, साहेब.”

आणि मी मान डोलावली! दसरा चार-पाच दिवसांवर, पिवळा-लाल ठिपका म्हणजे हळद-कुंकू, यात न पटण्यासारखं काय होतं? घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की पिवळा ठिपका म्हणजे टायरची सगळ्यात हलकी जागा. ती रिमच्या व्हॉल्व्हसमोर आणून बसवायची असते, कारण व्हॉल्व्हमुळे रिमची ती बाजू जरा जड असते. जडाला हलकं भेटलं की वजनं कमी लागतात. लाल ठिपका टायरची गोलाई जिथे सगळ्यात जास्त उचललेली असते ती जागा दाखवतो. मी खाली जाऊन बॅटरीच्या उजेडात बघितलं. चारपैकी एकाच चाकाचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हजवळ होता, तोही योगायोगाने असावा. बाकीच्यांनी आपापल्या सोयीने जागा धरल्या होत्या, लग्नाच्या पंगतीत रुसलेल्या नातेवाइकांसारख्या.

असो. दसऱ्याला आम्ही नाशिकला निघालो, सासुरवाडीला. पुढे मी आणि बायको, मागे आई आणि तिची उशी. माजिवडा ते भिवंडी या टप्प्यात गाडीत दोष असेल तर तो कळणं शक्यच नाही, कारण तिथे गाडी चालत नाही, सरकते. आमण्याला समृद्धीवर चढलो. इथून इगतपुरीपर्यंतचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ला सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. ताशी १२० ची मुभा आहे. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला मोकळा रस्ता दिसला की तो जरा भांबावतोच. मी हळूहळू वेग वाढवला. साठ, सत्तर, ऐंशी. पंच्याऐंशीला डॅशबोर्डवर ठेवलेली आपट्याची पानं थरथरायला लागली.

आधी वाटलं एसीचा वारा. एसी बंद केला. पानं थरथरतच होती आणि आता माझे हातही. स्टिअरिंग असं हुळहुळत होतं, की जणू कुणी पलीकडून फोन व्हायब्रेटवर टाकून लावतंय आणि मी उचलत नाही. नव्वदला जास्त. पंच्याण्णवला बायकोने वरचा दांडा पकडला. एकशे दहाला अचानक सगळं शांत. वेग उतरवला की पुन्हा सुरू.

“मग एकशे दहानेच चालव ना,” बायको म्हणाली.

मी मागे वळून आईला विचारलं, “आई, मागे काही हलतंय का?”

“मला झोपू दे,” आई म्हणाली, आणि निदान झालं. स्टिअरिंग हलतं आणि मागची सीट हलत नाही, म्हणजे पुढच्या चाकांचा तोल गेलाय. मागच्या चाकांचा गेला असता तर आई जागी असती. गाडी एका बाजूला ओढत नव्हती, म्हणजे अलाइनमेंट, चाकांची दिशा, बिघडलेली नाही. ब्रेक लावल्यावरच हलतंय असंही नाही, म्हणजे ब्रेकची डिस्क नाही. बॅलन्सिंगच. कसाऱ्याच्या डोंगरातला तो पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आम्ही पुऱ्या कुटुंबासह थरथरत पार केला. सासऱ्यांना सोनं देताना माझा हात अजून हलतोय असा मला भास होत होता. हा भास लक्षात ठेवा, पुढे त्याने घात केला.

तर शनिवारी दुकानात परत. बॅलन्सिंगच्या मशीनवर दसऱ्याचा झेंडूचा हार अजून होता, सुकलेला. मी शेठला सगळं सांगितलं. पंच्याऐंशी ते शंभर, पुढचं चाक, मागे काही नाही. इतकी स्वच्छ तक्रार घेऊन कधी कुणी आलं नसेल, असं मला वाटत होतं.

“आमच्याकडून ओके गेली होती,” शेठ म्हणाला.

या वाक्यावर माझा जुना राग आहे. गिझरवाला हेच म्हणतो, मोबाइलवाला हेच म्हणतो. ओके गेली होती, म्हणजे जे काय झालं ते तुमच्या घरी झालं. आम्ही सासरी दिली तेव्हा मुलगी धडधाकट होती, या चालीवर.

“चला, ट्रायल मारू,” म्हणून शेठ स्वतः चालवायला बसला. आता ट्रायल कुठे? घोडबंदर रोडवर, शनिवारी सकाळी अकरा वाजता! एका बाजूला मेट्रोचे खांब, दुसऱ्या बाजूला कंटेनर, मध्ये खड्डे. मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत जाऊन परत यायला पस्तीस मिनिटं लागली. परतताना पुलावर क्षणभर काटा बावन्नला टेकला आणि लगेच शरमून खाली आला.

“कुठे हलतंय?” शेठने एका बोटाने स्टिअरिंग धरून दाखवलं.

“अहो, हे ऐंशीच्या वर हलतं!”

“मग ऐंशीच्या वर कशाला जायचं?” पस्तीस मिनिटं गर्दीत काढलेल्या माणसाच्या तोंडी हा सवाल अगदीच बिनबुडाचा नव्हता, हे मला आजही कबूल करायचं नाहीये.

मी आदल्या रात्री विजेच्या बिलामागे गणित करून नेलं होतं, तो कागद काढला. माझा टायर १८५/६५ आर १५. घेर साधारण एक मीटर पंच्याण्णव सेंटीमीटर. शंभरच्या वेगाला चाक सेकंदाला चौदा फेऱ्या घेतं. रिमच्या कडेला एका जागी फक्त तीस ग्रॅम जास्त असले, म्हणजे भाजीवाला हिशेबात न धरता पिशवीत टाकतो तेवढ्या मिरच्या, तर त्या वेगाला ते तीस ग्रॅम साडेचार किलोच्या ताकदीने चाकाला बाहेर ओढतात. आणि ती ओढ सेकंदाला चौदा वेळा दिशा बदलून येते. पन्नासच्या वेगाला हीच ओढ पाव होते, म्हणून तुमच्या ट्रायलमध्ये काही कळलं नाही. मी हे बोलत होतो तेव्हा दुकानातले सगळे गप्प होते. मला वाटलं पटलं.

“कागदावर सगळंच होतं,” कोपऱ्यातून आवाज आला.

हे नाना. जुन्या टायरांच्या चळतीवर उशी टाकून बसलेले. वय सत्तरीच्या आसपास, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, पायात रबरी चपला. नानांकडे गाडी नाही. कधी नव्हती. टीएमटीच्या बसने फिरतात. ते गिऱ्हाईक नाहीत, नोकर नाहीत, शेठचे नातेवाईकही नाहीत. सकाळी दहाला येतात, पेपर वाचतात, दुकानाचा चहा पितात, दुपारी एकला जेवायला जातात. ठाण्यात अशी माणसं प्रत्येक दुकानाला एक या हिशेबाने वाटून दिलेली असावीत. आमच्या इस्त्रीवाल्याकडेही एक आहेत, पण ते फक्त राजकारण बघतात.

नानांनी पेपर मांडीवर ठेवला. “गाडी किती वर्षं चालवता?”

“अठरा.”

“आणि हात कधीपासून थरथरतो?”

“हात नाही हो, स्टिअरिंग थरथरतं.”

“स्टिअरिंगला काय शिरा असतात?”

मी शेठकडे बघितलं. शेठ चहा ओतत होता. त्याच्या चेहऱ्यावर मोठी सुट्टी लागल्याचं समाधान होतं.

“छत्तीस वर्षं मी वागळे इस्टेटला लेथवर काढली,” नाना म्हणाले. “मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं काम. मशीन थरथरली की आम्ही आधी ऑपरेटर बघायचो. दहातल्या नऊ वेळा ऑपरेटरच.”

“आणि दहाव्या वेळी?”

“दहाव्या वेळी रात्रपाळीचा ऑपरेटर.”

दुकानात हशा झाला. तोपर्यंत प्रेक्षक जमले होते. पंक्चर काढायला आलेला एक डिलिव्हरीवाला तरुण, पांढऱ्या गाडीतून आलेल्या एक बाई आणि त्यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा. शेठ आणि पोरगा तर होतेच. नानांना गर्दी मानवते.

“काम काय करता?”

“आयटीत आहे.”

“म्हणजे खुर्ची. चहा किती?”

“चार.”

“सांगताना चार म्हणजे सहा. झोप?”

“नाना, माझं चाक…”

“बी-ट्वेल्व्ह केलंय का?”

आता बघा, मी काय करायला हवं होतं? सरळ सांगायला हवं होतं, की काका, तुमचा संबंध काय? पण ‘बी-ट्वेल्व्ह’ हा शब्द असा आहे, की मराठी मध्यमवर्गीय माणूस तो ऐकला की थबकतो. मी थबकलो. तेवढ्यात शेठने साक्ष काढली. “साहेब, आमच्या मेव्हण्याचं बी-ट्वेल्व्ह नानांनी नुसती जीभ बघून ओळखलं. रिपोर्ट तसाच आला.”

“जीभ दाखवा,” नाना म्हणाले.

जीभ दाखवायला मी ठाम नकार दिला. एवढी अब्रू मी राखली, याची नोंद व्हावी. पण एक गोष्ट नाकारली की दुसरीला नाही म्हणणं जड जातं. भाजी बाजारातही तसंच, आणि सासरीही तसंच. नाना म्हणाले, “बरं, जीभ राहू दे. हात करा पुढे.” आणि मी केले.

त्यांनी पेपर उघडला आणि कुठलं पान द्यावं याचा विचार केला. खेळाचं पान द्यायचं नव्हतं, अजून वाचायचं होतं. शब्दकोड्याचं पान अर्धं सोडवलेलं, म्हणजे तेही नाही. शेवटी छोट्या जाहिरातींचं निघालं. ते त्यांनी माझ्या ताणलेल्या पंजांवर हळुवार पसरलं, देवापुढे पान मांडावं तसं, आणि दोन पावलं मागे सरले.

“डॉक्टरसुद्धा हेच करतात,” ते बाकीच्यांना म्हणाले. “साधा कंप डोळ्याला दिसत नाही, कागद दाखवतो.”

मी खाली बघितलं. ‘सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, अनुरूप’. पानाचं एक टोक हललं.

“हलतंय!” मुलगा ओरडला.

“पंखा चालू आहे!” मी म्हणालो.

“पंखा बंद कर रे,” नानांनी फर्मावलं. पोराने बंद केला. दुकानात उकाडा आणि शांतता एकदमच पसरली. पान हलतच होतं. मी म्हटलं, हवेचा कंप्रेसर चालू आहे, जमीन थरथरतेय. कंप्रेसर बंद झाला. पान हलतच होतं. बाहेरून डंपर जातायत, मी म्हटलं. सगळ्यांनी वळून बाहेर बघितलं. सिग्नल लागला होता आणि डंपर उभे होते. घोडबंदर रोडवर त्या एका मिनिटात काहीही हलत नव्हतं, माझ्या हातावरचं पान सोडून.

आता हे सगळं मी विनोदाने सांगतोय खरा, पण त्या क्षणी मला रडायला आलं होतं किंवा कुणाला तरी मारायला आलं होतं, नक्की कुठलं ते कळत नव्हतं. हात संतापाने हलत होते. पण संतापाने हलणारा कागद आणि बी-ट्वेल्व्हने हलणारा कागद दिसायला सारखाच.

पांढऱ्या गाडीतल्या बाई मायेने म्हणाल्या, “माझ्या सासऱ्यांना असंच सुरू झालं होतं.”

“मग?” डिलिव्हरीवाल्याने विचारलं.

“आता नाहीत ते.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने, “त्याने नाही हो गेले! ते वेगळं झालं.”

“गाडी चालवताना डावा खांदा सैल सोडत जा,” नानांनी पान उचलून घडी घातली. “घट्ट धरता, म्हणून थरथरतं.” केस निकालात निघाली होती. डिलिव्हरीवाल्याने मला बसायला स्टूल दिलं. हे सगळ्यात वाईट झालं.

मी स्टुलावर बसलो नाही. त्या पोराकडे वळून इतक्या जोरात म्हणालो, की मुलगा आईच्या मागे गेला. “पुढचं डावं चाक काढ. मशीनवर लाव. आत्ता!”

“खोलायचे वेगळे पैसे पडतील,” शेठ म्हणाला.

“पडू देत!”

चाक निघालं. पोराने ते मशीनच्या दांड्यावर चढवलं, मधोमध शंकू सरकवून नट आवळला, रिमचे आकडे दाबले आणि वरचं झाकण खाली घेतलं. झाकण पडताच चाक आपोआप गरगरलं. दोन खिडक्यांमध्ये आकडे यायचे असतात, एक चाकाच्या आतल्या बाजूचा आणि एक बाहेरचा. बाहेरचा शून्य आला. आतला आला ४५.

कुणी काही बोललं नाही. पोरगा चाकाच्या मागे वाकला आणि म्हणाला, “अरेच्चा!”

मीही वाकलो. रिमच्या आतल्या पोकळीत पावसाळाभराचा चिखल वाळून बसला होता. बोटभर जाड, थरावर थर, तव्याला लागलेल्या भाकरीसारखा. एका जागी त्याचा तळहाताएवढा तुकडा निघून गेला होता, आणि तिथला पत्रा स्वच्छ, काळा चकचकीत दिसत होता. पोराने स्क्रू ड्रायव्हर घुसवला तर आणखी एक ढेकूळ खळकन् खाली पडलं आणि फुटलं. त्यात एक खडी होती.

म्हणजे झालं होतं ते असं. टायर बदलले त्या दिवशी रिम धुण्याचे कष्ट कुणी घेतले नव्हते. चिखल तेव्हा ओला होता, घट्ट धरून होता. मशीनने बिचारीने प्रामाणिकपणे चिखलासकट चाक मोजलं आणि चिखलासकट तोल साधला. शून्य आला, गाडी ‘ओके’ गेली. मग चार दिवस ऊन पडलं, चिखल वाळला, आणि कुठेतरी भिवंडीच्या आसपास त्यातला एक तुकडा आपल्या मायभूमीत उतरला. राहिलं ते वजन, नसलेल्या मातीला तोलून धरणारं.

मी नानांकडे बघितलं. जग जिंकल्यासारखं बघितलं असेन.

नाना उठून आले, चिखल बघितला, खडी बोटांत घेऊन उजेडात धरली. “म्हणजे माती होती.”

“हो. माती होती.”

“मग माती आणली कुणी? तुम्हीच ना?”

यावर माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही.

चारही चाकं काढायला लावली. पाण्याने धुतली, तारेच्या ब्रशने घासली. जुन्या पट्ट्या पकडीने उपटून एका डब्यात टाकल्या. पुन्हा मोजणी, पुन्हा ठोकाठोक. पोरगा चाक हाताने हळूहळू फिरवायचा, दिवे हिरवे झाले की थांबायचा आणि बरोब्बर वरच्या बिंदूला हातोडी घालायचा. हे काम तो खरोखर सुंदर करत होता, सांगायला हवं. धुवायलाही त्याला कुणी आधी सांगितलं असतं तर त्याने धुतलंही असतं. पिवळे ठिपके व्हॉल्व्हसमोर आणायचं मी सुचवलं तेव्हा मात्र त्याने नानांकडे बघितलं, आणि मी विषय सोडला. नट आवळताना ओळीने नको, समोरासमोरचे आवळ, एवढं मात्र मी सांगितलं आणि त्याने ऐकलं.

या वेळी चारही चाकांना मिळून लागले ९० ग्रॅम.

नीट ऐका. आधी १४५, आता ९०. म्हणजे पहिल्या खेपेला मी पंचावन्न ग्रॅम निव्वळ घोडबंदर रोडचा चिखल तोलून धरण्यासाठी विकत घेतले होते. एकशे पासष्ट रुपये. मी म्हटलं, शेठ, जुनी वजनं तुमच्या डब्यात आहेत, ती माझी आहेत, मी पैसे भरलेत. त्यातून ९० घ्या आणि ५५ चे पैसे परत द्या.

“वापरलेलं वजन परत घेत नाही, साहेब.”

सोनारसुद्धा मोड घेतो! घट धरतो, पण घेतो. इथे माझंच लोखंड माझ्या डोळ्यांदेखत डब्यात गेलं, आणि माझी खात्री आहे, तो डबा काही भंगारात जात नसणार. मी भांडलो. खरंच भांडलो. त्यांनी धुतलं नाही ही चूक त्यांची, हे मी तीन प्रकारे सांगून बघितलं. शेवटी शेठने खोलण्याचे पैसे सोडले, ‘तुमच्यासाठी’ म्हणून. वजनाचे २७० मी भरले. वर त्याने नायट्रोजन भरू का, म्हणून विचारलं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो, मी म्हणालो, फक्त उरलेल्याचे पैसे लावणार असाल तर भरा. तो हसला. नसता हसला तर बरं झालं असतं.

पैशांचं मला एवढं वाटत नाही. वाटतं, पण एवढं नाही. चाक मशीनवर चढवून आकडा बघायला चार मिनिटं लागली. माझी परीक्षा घ्यायला पाऊण तास लागला. पण त्या दुकानात कुणालाही, मला धरून, आधी मशीनकडे जावंसं वाटलं नाही. मी का केले हात पुढे? मशीन तीन पावलांवर होतं, हार घालून बसलेलं.

निघालो तर एक वाजत आला होता. नाना रस्त्याच्या कडेला उभे. “माजिवड्याकडे जाताय?” मी त्या दिशेला जात नव्हतो. “बसा,” म्हणालो. ते डाव्या सीटवर बसले, पट्टा मी लावून दिला. पुलाखाली अडकलो, पुढे पुन्हा अडकलो. काटा तीसच्या वर गेला नाही. नानांनी डॅशबोर्डवर पंजा टेकवून ठेवला होता, आजाऱ्याची नाडी बघावी तसा. आपट्याचं एक पान अजून तिथे पडलेलं होतं. ते निश्चल होतं.

“बघा,” नाना म्हणाले. “अजिबात नाही. खांदा सैल सोडलात ना!”

माजिवड्याला उतरताना त्यांनी बसचं दार समजून गाडीचं दार असं आपटलं, की आरसा हलला. खिडकीत वाकून म्हणाले, “दार वाजतंय तुमचं. दाखवून घ्या.” तोपर्यंत वाजत नव्हतं. आता वाजतं. डाव्या दाराच्या आत काहीतरी सुटलंय, खड्डा आला की खुळखुळतं.

पेपर मात्र ते सीटवर विसरून गेले. रात्री सगळे झोपल्यावर मी त्यातलं छोट्या जाहिरातींचं पान काढलं, स्वयंपाकघरात गेलो, पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली आणि हात पुढे केले. राग नव्हता, डंपर नव्हता, कंप्रेसर नव्हता.

किंचित हलत होतं. फ्रिज चालू होता.